मासे गरवायच्या सेकंडहँड जिगिंग रीलच्या नावाखाली 30,860 रुपये गेले, घेणार असाल तर आधी हे वाचा

आधी आकडा सांगतो, कारण आपल्यात लोक आकडा लपवतात आणि मी पण तीन महिने लपवला. 5,000 बुकिंगचे, 23,500 पार्सल पाठवायच्या आधी, आणि वर 2,360 'कुरिअर इन्शुरन्स'चे. एकूण 30,860. बायकोला मी 18,000 सांगितले होते, तिला खरा आकडा पोलिसांचा अर्ज लिहिताना कळला, आणि ती काही बोलली नाही हे जास्त लागलं.

मी नवखा नाही हे आधीच सांगतो, नाहीतर खाली लिहाल की बघून घ्यायचं होतं. लहानपणापासून खडपावर गरवतोय, गेली सहा वर्षं मालवणच्या बाहेर होडीतून जिगिंग करतो, म्हणजे जिग, धातूचं जड आमिष, खोल सोडून झटके देत वर ओढायचं, वीस-बावीस वाव पाण्यात, दीडशे ते दोनशे ग्रॅमचे जिग. माझं जुनं रील, म्हणजे रॉडवरचं लाइन गुंडाळायचं यंत्र, साधं ग्रॅफाइट बॉडीचं होतं. जोर आला की बॉडी वाकते, गिअर एका रेषेत राहत नाहीत, मग हँडल फिरवताना खरखर सुरू होते. म्हणून ठरवलं होतं की आता एकदाच घेईन पण मेटल बॉडीचं, पॉवर गिअरवालं, दहा वर्षं टिकणारं घेईन. एका नामवंत जपानी कंपनीचं 8000 साइजचं मॉडेल डोक्यात होतं. नाव घेत नाही, त्यांचा यात काडीचा दोष नाही. नवीन घ्यायला गेलं तर पन्नास हजारांच्या वर.

जुलै महिना. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बाहेर पाऊस, आणि घरात बसून सगळे जण गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर रीलचे फोटो बघत असतात. अशा वेळी आपण सगळ्यात जास्त फसण्यासारखे असतो हे आता कळतं. ग्रुपवर एकाने टाकलं की मर्चंट नेव्हीत आहे, सिंगापूरहून दोन रील आणली, एक जास्तीचं आहे, दोनदाच पाण्यात गेलंय. मराठी व्यवस्थित, गाववाल्यासारखं बोलणं. गिअर रेशो कशाला कुठला चांगला, पीई 3 लाइन (पीई म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीचा नंबर) किती मीटर बसेल, सगळं बरोबर सांगत होता. मी मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारले, एकात पण अडकला नाही. अशा माणसाला खोटा कसा म्हणणार?

आता तो क्षण, ज्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मी त्याला सांगितलं की रील किचनच्या वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठव. ही माझीच युक्ती होती, कारण नकली रील बऱ्याचदा हलकी असतात, धातूच्या जागी प्लॅस्टिक असतं. दोन तासांनी फोटो आला. निळी टाइल, कोपऱ्यात तडा गेलेली, त्यावर काटा, काट्यावर रील आणि आकडा 548. कंपनीच्या कॅटलॉगमधल्या वजनापेक्षा सव्वाशे ग्रॅम कमी. मी तो आकडा बघितला. माझ्या डोळ्यांनी बघितला, कॅटलॉग दुसऱ्या टॅबमध्ये उघडा होता, आणि मी स्वतःलाच समजावलं की काटा स्वस्तातला असेल, सेल उतरले असतील. हँडल काढून ठेवलं असेल असं पण मनात आलं, पण फोटोत हँडल जागेवर होतं हो, दिसत होतं! पाच हजार आधीच गेलेले होते ना, ते वाचवायला मनाने पुढचे तेवीस हजार पाचशे देऊन टाकले. बुकिंगचे पैसे एवढ्यासाठीच घेतात, लक्षात ठेवा.

इन्शुरन्सचे 2,360 म्हणजे दोन हजार अधिक 18 टक्के जीएसटी असा हिशोब त्याने लावला. स्वतःची वापरलेली वस्तू विकणारा माणूस जीएसटी कुठला लावतो आणि बिल का देत नाही, हे पण विचारलं नाही मी.

पार्सल आलं, दिसायला अगदी तेच. बॉक्स, कापडी पिशवी, कागद सगळं. घरात फिरवून बघितलं, गुळगुळीत. नवीन ग्रीस भरलं की कुठलंही रील घरात गुळगुळीतच फिरतं, त्यावर जाऊ नका. ऑक्टोबरमध्ये समुद्र बसल्यावर पहिल्यांदा नेलं, बारके मासे लागले, काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला, होडीचे माझ्या वाट्याचे 2,250 भरून, खडकाळ तळावर एक हेकरू, खडपात राहणारा ताकदवान मासा, लागला, आणि चांगला होता, रॉड पाण्याला टेकली. मी रील लॉक समजून ताण दिला आणि अँटी-रिव्हर्स, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा खटका, सुटला, हँडल उलटं गरगरत बोटांच्या पेरांवर बसलं, दोन बोटं सुजली, मासा खडपात शिरला, जिगसकट लाइन गेली. होडीचा तांडेल हातात रील घेऊन म्हणाला, "अरे, ह्यां रीळ नाय, खेळणां आसा." वीस सेकंदात ओळखलं त्याने.

मुंबईत रील दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं, त्याने 850 घेऊन उघडून फोटो पाठवले. मेन गिअर झिंकचा ओतीव, दात खाल्लेले. ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन ताणाखाली सोडणाऱ्या ब्रेकमध्ये, कार्बनच्या चकत्या पाहिजेत तिथे तेलात भिजलेलं फेल्ट. बाजूची प्लेट प्लॅस्टिकची, वर धातूसारखा रंग. सांगितलेल्या बारा बेअरिंगपैकी चार प्लॅस्टिकचे बुश. लाइन रोलरचं बेअरिंग तर गंजून घट्ट बसलेलं, आणि मी प्रत्येक वेळी ड्रॅग आवळून, गोड्या पाण्याची हलकी धार सोडून धुतलं होतं. नळाला जेट लावून कधी धुतलं नाही, म्हणजे माझ्या हलगर्जीपणाने गंजलं असं कोणी म्हणू नका.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे.

1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिथे फोन केला. पंचवीस मिनिटं लाइनवर. बाई म्हणाल्या पैसे कधी पाठवले, म्हटलं जुलैत, म्हणाल्या एवढे दिवस काय करत होता. पावसाळ्यात समुद्रात जाता येत नाही, वस्तू वापरल्याशिवाय नकली कशी कळणार, हे समजावताना माझं तोंड दुखलं. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, आठ दिवसांनी बघतो तर प्रकार लिहिलाय फिशिंग, म्हणजे बँकेच्या नावाने खोटी लिंक पाठवून पैसे काढतात ते! मी फोनवर 'फिशिंग रील' म्हटलं आणि समोरच्याने फिशिंग एवढंच ऐकलं. मग बँकेकडून मेसेज की तुम्ही स्वतः यूपीआय पिन टाकलाय, लिंक वगैरे काही दिसत नाही, विषय बंद.

पोलीस स्टेशनला तीन खेटे. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माल मिळालाय ना? मग फसवणूक कुठे झाली? ग्राहक मंचात जा." अहो, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव छापून नकली माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 104 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, आणि फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो. तिसऱ्या दिवशी विचारलं, तीस हजाराचं मासे पकडायचं यंत्र कशाला लागतं तुम्हाला? हा प्रश्न पोलिसाने विचारायचा? कोणाची तीस हजाराची अंगठी गेली तर विचारता का अंगठी कशाला लागते?

मग 1915, ग्राहक हेल्पलाइन. विकणारा नोंदणीकृत व्यापारी नाही, आम्ही कोणाला कळवणार. जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच्या जिल्ह्यातून ऑनलाइन तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, हे चांगलंय, पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता बँकेकडे आणि सिमकार्ड कंपनीकडे आहे, ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस म्हणतात आयोगात जा. या गोलात दीड महिना फिरतोय मी. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सगळे पुरावे पाठवले, त्याने त्या माणसाला नाही, मला काढलं. वातावरण खराब करतो म्हणून.

जे कोणी रील घेणार आहेत त्यांनी बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. कमाल ड्रॅग 25 किलो वगैरे बघून पण नाही, पीई 3 ला आपण ड्रॅग सात-आठ किलोच्या पुढे लावतच नाही, त्या सात किलोवर तो एकसारखा सुटतो का ते बघा. स्प्रिंगचा काटा लावून ओढून बघता येतं, दोन मिनिटांचं काम. हँडल थेट गिअरमध्ये स्क्रू होणारं असावं. बजेट नसेल तर पेन कंपनीच्या स्लॅमर 4 सारखं सील केलेलं, त्याला आयपीएक्स 6, म्हणजे पाणी अडवण्याचं मानांकन, आहे, किंवा स्पिनफिशर 6, आयपीएक्स 5, नवीन घ्या पण बिलावर घ्या. दायवा कंपनीचं मॅगसील, म्हणजे चुंबकी तेलाचं सील, पाण्याला चांगलं अडवतं, पण घरी उघडून ग्रीस भरायचं काम नाही ते, सर्व्हिस कुठे होणार हे आधी विचारून ठेवा. आणि सेकंडहँड असेल तर हातात घेऊन, साइड प्लेट उघडून. समोरचा उघडू देत नसेल तर उठा. आगाऊ एक रुपया नाही.

मागच्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला, विचारत होता घेऊ का, 26,000 ला देतोय. नाव वेगळं, नंबर वेगळा, आता तो दुबईहून आलेला इंजिनियर आहे. फोटोत निळी टाइल, कोपऱ्यात तोच तडा, काट्यावर 548. मित्राचे 5,000 बुकिंगचे त्या दिवशी सकाळीच गेले होते.