गच्चीवरचा पांढरा रंग: मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा अनुभव

मुलुंडमधील आमच्या जुन्या, चार मजली इमारतीच्या गच्चीवर यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका स्थानिक कंत्राटदाराकडून पांढरा उष्णतारोधक रंग लावून घेतला. काम समाधानकारक झाले, परंतु त्याआधी सोसायटीच्या सभेत जी चर्चा झाली तिचीही नोंद करणे मला आवश्यक वाटते.

हवामान बदलले आहे की नाही, यावर सभेत कोणीच वाद घातला नाही. वाद होता तो वरच्या मजल्याच्या उकाड्यासाठी तळमजल्याने पैसे का भरावेत, यावर. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, त्याची आठवण एका काकूंनी काढली आणि चौथ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या आजोबांचे नाव घेतले. त्यानंतर खर्च सर्वांनी वाटून घेण्याचा ठराव संमत झाला. लोकांना हवामान बदलाची काळजी नसते असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. काळजी आहे, फक्त ती शेजारच्या माणसाच्या निमित्ताने बोलून दाखवली जाते.

कामगारांनी आधी गच्ची पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली, भेगा बुजवल्या, प्रायमर लावला आणि मग रंगाचे दोन हात दिले. मुंबईत मान्सून साधारणपणे ११ जूनला येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला होता. त्यामुळे काम लवकर उरकण्याचा कंत्राटदाराचा आग्रह रास्त होता.

पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवतो, म्हणून स्लॅब कमी तापतो. पूर्वी रात्री जेवणानंतरही छताला हात लावला तर चटका जाणवे आणि पंख्याखाली गरम वाराच अंगावर येई; आता छत कोमट लागते. दमटपणावर मात्र या रंगाचा काहीच उपाय नाही, घाम पूर्वीसारखाच येतो.

कठड्याच्या पायथ्याशी रंग पातळ लागला होता, तो सांगून पुन्हा लावून घ्यावा लागला. शिवाय शेजारच्या पुनर्विकासाची धूळ बसून पांढरेपणा लवकर मळतो आणि त्याबरोबर परिणामही घटतो. दर उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुऊन देण्याची अट आमच्या करारात नव्हती. ती कामाला सुरुवात होण्यापूर्वीच लेखी घालून घ्यावी.