सेट टॉप बॉक्समधली जुनी हार्ड डिस्क: केसमध्ये घालावी, सीसीटीव्हीला लावावी की नवी घ्यावी?

टाटा स्काय प्लस २००८ साली आला आणि घरोघरी रेकॉर्डिंगवाले सेट टॉप बॉक्स दिसू लागले. आज त्यातले कितीतरी माळ्यावर धूळ खात पडलेत. भंगारात देण्याआधी बघा, आत चांगली डिस्क असू शकते. बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर मात्र हात लावू नका. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होत असेल, तर आत डिस्क नसतेच.

माझ्या बॉक्समधून ५०० जीबीची, साडेतीन इंची साटा (म्हणजे कॉम्प्युटरमध्येही बसते अशा नेहमीच्या जोडणीची) डिस्क निघाली. खाली आवाज दाबायला चार रबरी बुश. त्यात २०११च्या विश्वचषकाचा वानखेडेवरचा अंतिम सामना होता, पण रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, कॉम्प्युटरवर चालत नाही. जे बघायचं ते डिस्क काढण्याआधीच बघून घ्या.

मग तब्येत तपासा. डिस्क कॉम्प्युटरला जोडून तिची अवस्था दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. माझी डिस्क ३१,००० तास चाललेली निघाली, म्हणजे सलग साडेतीन वर्षं. एवढ्या तासांनी मी घाबरत नाही, कारण या डिस्क सतत चालण्यासाठीच बनवतात. ‘रीअॅलोकेटेड’ (खराब झाल्याने बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, शून्य हवेत. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क बाद.

केसमध्ये, म्हणजे यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायच्या डबीत, घालून बॅकअपसाठी वापरायची म्हटली, तर साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या डिस्कची स्वस्त केस चालत नाही, अडॅप्टरवाली घ्यावी लागते. त्यावर पैसे घालून हाती येते वापरलेली डिस्क, तीही वॉरंटीशिवाय. मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं यांच्यासाठी सरळ नवी पोर्टेबल डिस्क घ्या. घरात डेस्कटॉप असेल आणि आत साटाची जागा रिकामी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सिनेमे ठेवायला ही फुकटात बसते.

सीसीटीव्हीत ती खरी शोभते. रात्रंदिवस व्हिडिओ लिहायचा, जागा भरली की जुनं पुसायचं, हेच काम ती बॉक्समध्ये करत होती. चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट), म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. ५०० जीबीत साडेपाच दिवस मावतात. घराला किंवा छोट्या दुकानाला तेवढे पुरतात, कारण चोरी झाली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळते. सोसायटीला महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर अडीच टीबीच्या वर लागतं. तिथे सीसीटीव्हीसाठीची नवी ४ टीबीचीच घ्या, जुनीत जीव अडकवू नका.

माझी डिस्क भावाच्या किराणा दुकानात गेली. डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या, मेनूतून फॉरमॅट केली, आणि आठवड्याने रात्रीच्या दोनचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. शटरवरचं कुलूप स्पष्ट दिसत होतं.