मोठे टायर, घरचे अंगण आणि देवास नाक्याजवळचे दुकान

पिकअपचे २४५/७० आर१६ मापाचे टायर बदलून २६५/७० आर१६ घालायचे ठरल्यावर, पुढच्या स्प्रिंगवरचे स्पेसर (गाडी पुढून उंच करणारे जाड तुकडे) मी अंगणातच बसवले आणि टायर मात्र इंदूरच्या देवास नाक्याजवळील एका दुकानातून घेतले. व्यास २८ मिलिमीटरने वाढला तरी टायरमुळे गाडी जेमतेम १४ मिलिमीटर उंच होते आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६२च्या आसपास असतो, हे दुकानदाराने आपणहून समजावले. स्पेसरमुळे बिघडलेले अलाइनमेंटही (चाकांचे कोन) नेटके करून दिले. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतील प्लॅस्टिकला घासतो, हे मात्र मला घरी आल्यावर कळले (कापाकापी अर्थातच माझ्याकडे). स्टेपनी जुन्याच मापाची राहिली, त्याबद्दल तर अवाक्षरही नाही.