दुबई की बर्लिन? पगाराच्या आकड्याआधी मुलांचं वय बघा

दोन ऑफर हातात असल्या की घरी पहिला हिशेब होतो तो करांचा. दुबईत पगारावर आयकर नाही. बर्लिनमध्ये एकट्याच्या चांगल्या पगारावर घर चालत असेल, तर आयकर, पेन्शन, आरोग्य विमा वगैरे मिळून साधारण एक तृतीयांश रक्कम हातात येण्याआधीच जाते. इथेच बरेच जण दुबईचं नक्की करतात. मला हे घाईचं वाटतं. बर्लिनमध्ये पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांत ज्या गोष्टी मिळतात, त्यांतल्या बऱ्याच दुबईत खिशातून विकत घ्याव्या लागतात, आणि त्यांतली सर्वांत महाग म्हणजे शाळा.

दुबईत परदेशी कुटुंबांची मुलं बहुतेक खासगी शाळांतच जातात. सीबीएसई शाळा त्यातल्या त्यात परवडतात. ब्रिटिश किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत दोन मुलं घातली, तर फी सहज घरभाड्याशी बरोबरी करते, शिवाय बस आणि गणवेश वेगळे. बर्लिनमध्ये सरकारी शाळा मोफत आहे, सहावीपर्यंत दुपारचं जेवणही मोफत, आणि त्याआधीच्या किटालाही, म्हणजे पाळणाघर-बालवाडीलाही, जेवणाचे किरकोळ पैसे सोडले तर फी नाही. वर प्रत्येक मुलामागे सरकार दरमहा किंडरगेल्ड देतं. २०२५ मध्ये ते २५५ युरो होतं. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. दुबईत कर्मचाऱ्याचा विमा कंपनीने काढायचा असतो; कुटुंबाचा काढणार का, हे आधी विचारावं लागतं.

पण शाळा मोफत असली तरी ती जर्मन भाषेतली आहे. चार-पाच वर्षांचं मूल ती खेळता खेळता उचलतं. नववीतल्या मुलाला आधी भाषा शिकवणाऱ्या वर्गात बसावं लागतं, आणि नेमकी तीच वर्षं त्याच्या पुढच्या शिक्षणाची दिशा ठरवतात. अशा मुलाला केवळ फी वाचते म्हणून तिकडे नेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. त्याच्यासाठी दुबईतली सीबीएसई शाळा बरी: वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि परत पुण्या-नाशिकला यायचं झालं तरी अभ्यासक्रम तोच. आणखी एक गोष्ट. जर्मनीत शाळा चालू असताना मावसबहिणीच्या लग्नासाठी मुलांना परस्पर आठवडाभर नेता येत नाही, दंड होऊ शकतो. त्यामुळे गावी यायचं ते सुट्टीत, म्हणजे विमानाचं तिकीट सर्वांत महाग असताना. ते वार्षिक खर्चात धराच.

सुरुवातीची रोकड दुबईत जास्त लागते. समजा वर्षाचं भाडं ९०,००० दिरहॅम आणि घरमालक ते दोन चेकमध्ये घ्यायला तयार आहे. पहिला चेक ४५,०००, बिनफर्निचरच्या घराचं डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ४,५००, एजंटचे साधारण तेवढेच, आणि वीज-पाण्यासाठी ‘डीवा’ (DEWA) या तिथल्या सरकारी कंपनीचं डिपॉझिट २,०००. झाले ५६,०००. दिरहॅम २४ रुपयांचा धरला तर साडेतेरा लाखांच्या घरात, तेही पहिला पगार हाती येण्याआधी. पुढे भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी वीजबिलातून दरमहा जाते, ती वेगळी.

बर्लिनमध्ये डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. तिथे पैशांपेक्षा घर मिळणंच अवघड. नव्याने आलेल्याकडे शुफाचा, म्हणजे पतनोंदीचा, इतिहास नसतो, आणि मिळालेल्या घरात कित्येकदा स्वयंपाकघराचे ओटे-कपाटंही नसतात.

नोकरी गेली तर? दोन्हीकडे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, पण जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. दुबईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी. म्हणून तिथे एकूण पगाराइतकंच मूळ पगाराला महत्त्व आहे.

जोडीदाराच्या कामाचं बघाल तर ब्लू कार्डधारकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनीत लगेच नोकरी करता येते, मात्र शिक्षिका किंवा नर्स असेल तर जर्मनशिवाय पान हलत नाही. दुबईत इंग्रजीवर भागतं.

माझं मत असं: मुलं लहान आणि आठ-दहा वर्षं राहायची तयारी असेल तर बर्लिन. मोठं मूल आठवी-नववीत असेल, किंवा तीन-चार वर्षांत पैसे साठवून परतायचं असेल तर दुबई, पण सीबीएसई शाळा धरूनच. दुबईच्या ऑफरवर सही करण्याआधी शाळेची फी, कुटुंबाचा विमा, वर्षाची तिकिटं आणि मूळ पगार हे चारही लेखी घ्या. बर्लिनच्या ऑफरमध्ये पहिल्या काही महिन्यांचं घर मागा, आणि तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येईल ना, हे विचारून घ्या. टॅक्स आयडीचं पत्र त्याच पत्त्यावर येतं.