पेरी रोडान, जेरी कॉटन की जॉन सिंक्लेअर: विकिपीडियावर आधी कुठला लेख सुधारावा?

जर्मन हेफ्टरोमानवरचे, म्हणजे दर आठवड्याला निघणाऱ्या पातळ पुस्तिका-कादंबऱ्यांवरचे विकिपीडिया लेख उघडले की बहुतेकांचं दुखणं एकच दिसतं. कथानक पानभर, पात्रांची यादी त्याहून लांब आणि संदर्भ म्हणून प्रकाशकाचं संकेतस्थळ, नाहीतर चाहत्यांचा विकी. ही पुस्तकं किऑस्कवर विकली जायची आणि वाचून झाली की टाकून दिली जायची. वृत्तपत्रं त्यांची परीक्षणं क्वचितच छापायची. लाखो लोकांनी वाचलेल्या या वाङ्मयाची नोंद इतकी ढिसाळ राहावी, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे काम हाती घेणार असेल, तर निवड विचार करून करावी.

संदर्भांच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत पेरी रोडान. के. एच. शेअर आणि क्लार्क डार्ल्टन (खरं नाव वाल्टर एर्न्स्टिंग) यांनी सुरू केलेल्या या अंतराळमालिकेचा पहिला अंक सप्टेंबर १९६१ मध्ये आला आणि २०१९ मध्ये ती ३०००व्या अंकावर पोहोचली. विज्ञानकथेच्या कोशांत तिची नोंद आहे. तिच्यात हुकूमशाही वृत्ती डोकावते अशी टीका झाली, त्यावर वादही झाले. म्हणजे स्वतंत्र लेखन भरपूर. अडचण वेगळीच आहे. पेरीपीडिया हा चाहत्यांचा विकी इतका तपशीलवार आहे की हात आपोआप तिकडेच वळतो. पण तिथे कुणीही लिहू शकतं, त्यामुळे विकिपीडियावर तो संदर्भ म्हणून चालत नाही. काटछाट करायला गेलात तर चर्चा पानावर चाहत्यांशी बराच वेळ बोलावं लागेल, याचीही तयारी हवी.

याउलट जॉन सिंक्लेअर. लंडनच्या स्कॉटलंड यार्डचा हा भूतशिकारी १९७३ मध्ये बास्टाइ प्रकाशनाच्या एका भयकथामालेतून आला आणि १९७८ पासून त्याची स्वतंत्र मालिका निघू लागली. जेसन डार्क या नावाने हेल्मुट रेलरगेर्ड यांनी ती वर्षानुवर्षं लिहिली. साहजिकच जे छापून येतं ते बरंचसं लेखकाभोवती फिरतं, मुलाखतींतून येतं. लेखकाचं चरित्र त्यावर उभं राहील, पण मालिकेच्या लेखाला मुलाखती पुरत नाहीत, इतरांनी केलेलं स्वतंत्र लेखन लागतं. नवख्याने इथून सुरुवात करू नये.

माझं मत जेरी कॉटनच्या बाजूने आहे. न्यूयॉर्कचा हा एफबीआय एजंट १९५४ मध्ये बास्टाइच्याच गुन्हेगारी कथामालेत अवतरला आणि १९५६ पासून त्याच्या नावाची मालिका सुरू झाली. लिहिणारे अनेक, मुखपृष्ठावर मात्र एकच नाव. त्यामुळे कुठला अंक कुणी लिहिला, हे शोधण्यातच खरी संपादकीय मेहनत आहे. शिवाय १९६५ ते १९६९ दरम्यान जॉर्ज नेडर या नटाला घेऊन त्याच्यावर आठ चित्रपट निघाले. चित्रपट आले म्हणजे परीक्षणं आली, आणि ती प्रकाशकाने लिहिलेली नसतात. डेर श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाचे जुने अंकही ऑनलाइन चाळता येतात.

कुठलाही लेख घेतलात तरी आधी खपाचे आकडे तपासा. पेरी रोडानच्या ‘जगभरात एक अब्जाहून अधिक प्रती खपल्या’ असं वाक्य बेधडक लिहिलेलं आढळतं. हा आकडा प्रकाशकाकडून आलेला आहे. तो खोडून टाकायची गरज नाही, ‘प्रकाशकाच्या म्हणण्यानुसार’ एवढं जोडून संदर्भ द्या. एखाद्या बातमीत तोच आकडा दिसला तर बातमीची तारीख बघा. विकिपीडियावरून उचललेला आकडा बातमीत छापला जातो आणि तीच बातमी पुन्हा विकिपीडियावर पुरावा म्हणून येते, असं सर्रास घडतं.

मालिका कधी सुरू झाली, प्रकाशक कोण, यासाठी लाइपझिग आणि फ्रांकफुर्ट इथल्या जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची भक्कम आहे. पण पुस्तक निघालं एवढंच ती सांगते. ते का महत्त्वाचं, यासाठी अभ्यासकांकडेच जावं लागतं. पेटर नुसर यांनी १९७३ मध्येच या पुस्तिका आणि त्यांचा वाचकवर्ग यांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. वाचक कोण होते, हा भाग या लेखांत जवळजवळ नसतोच. जेरी कॉटनच्या लेखात कथानक अर्ध्यावर आणा आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी तोच भाग लिहा.