इम्प्लांटचा एफईए: हाडाचा ठोकळा घ्यावा की रुग्णाचा सीबीसीटी?

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी दाताच्या इम्प्लांटचं फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस (एफईए, म्हणजे मॉडेलचे संगणकात छोटे तुकडे, एलिमेंट, करून भाराखाली कुठे किती स्ट्रेस येतो ते काढणं) घेतलं की पहिला पेच हाडाचा. साधा आयताकृती ठोकळा काढायचा, की रुग्णाच्या सीबीसीटीवरून (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवरून) जबड्याचा भाग उचलायचा? सीबीसीटीचं मॉडेल हुबेहूब दिसतं, म्हणून गाइडलाही तेच आवडतं. पण आधी प्रश्न लिहून काढा, मग मॉडेल निवडा.

प्रश्न इम्प्लांटचा असेल, म्हणजे ३.५ मिमी व्यास बरा की ४.३, थ्रेड (इम्प्लांटवरचे स्क्रूसारखे आटे) उथळ की खोल, तर ठोकळाच घ्या. आत कॅन्सलस (जाळीदार) हाड आणि त्यावर १.५ ते २ मिमीचा कॉर्टिकल (घट्ट हाडाचा) थर पुरतो. दोन्ही मॉडेलमध्ये बाकी सगळं तसंच राहतं, त्यामुळे स्ट्रेस बदलला तर तो इम्प्लांटमुळेच, हे ठामपणे सांगता येतं. एकाच रुग्णाच्या सीबीसीटीवर हीच तुलना केली, तर निष्कर्ष त्या एका जबड्यापुरता उरतो.

प्रश्न हाडाचा असेल तर ठोकळा फसवतो. वरच्या पुढच्या दातांच्या जागी ओठाकडची भिंत बऱ्याचदा १ मिमीहूनही पातळ असते. ठोकळ्यात ती चहूबाजूंनी सारखी जाड निघते. सायनसजवळचा इम्प्लांट किंवा ऑल-ऑन-फोरमधले (चार इम्प्लांटवर सगळे दात बसवण्याच्या पद्धतीतले) मागचे तिरके इम्प्लांट असतील, तरीही सीबीसीटीच हवा.

मात्र त्यात वेळ जातो तो सेगमेंटेशनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून हाड वेगळं काढण्यात. व्हॉक्सेल (स्कॅनचा सर्वांत छोटा घन ठिपका) ०.२ ते ०.४ मिमीचा असतो, म्हणजे ती पातळ भिंत जेमतेम दोन-चार व्हॉक्सेलची. थ्रेशोल्ड (कोणत्या ग्रे व्हॅल्यूपासून हाड धरायचं ती मर्यादा) जरा वर गेला की भिंतीला भोकं पडतात, खाली आला की ती फुगते. पृष्ठभाग गुळगुळीत करताना ती आणखी झिजते. म्हणून स्मूदिंगनंतर तीन-चार ठिकाणी जाडी मोजून मूळ स्लाइसशी ताडून पाहा. शेजारी धातूची कॅप असलेला स्कॅन शक्यतो घेऊच नका. आणि सीबीसीटीच्या ग्रे व्हॅल्यूवरून प्रत्येक एलिमेंटला वेगळा मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) देऊ नका. त्या खऱ्या हाउन्सफील्ड युनिट (मेडिकल सीटीतलं घनतेचं प्रमाणित माप) नसतात. घनतेवरून मॉड्युलस काढायचा तर फँटम (ठाऊक घनतेचा नमुना) ठेवून घेतलेला मेडिकल सीटी लागतो.

आता इंटरफेस, म्हणजे हाड आणि इम्प्लांट जिथे भिडतात ती जागा: बाँडेड की घर्षणाचा? आमच्या मते मॉडेलच्या देखणेपणापेक्षा ही निवड जास्त महत्त्वाची. बाँडेड म्हणजे हाड इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेलं. हाड भरून आल्यानंतरच्या लोडिंगसाठी ते चालतं, सोडवायलाही झटपट. पण इमीजिएट लोडिंग (हाड भरून येण्याआधीच भार देणं) तपासायचं आणि इंटरफेस बाँडेड ठेवायचा, हे जुळत नाही. तिथे हवी असते ती मायक्रोमोशन (इम्प्लांटची हाडातली सूक्ष्म हालचाल), आणि चिकटवलेल्या मॉडेलमध्ये ती मोजताच येत नाही. तेव्हा घर्षण गुणांक घ्या, ०.३ हा नेहमीचा आकडा. हे गणित नॉनलिनियर (भार आणि परिणाम सरळ प्रमाणात नसलेलं) असतं आणि पहिल्याच पायरीला अडकतं, कारण सुरुवातीला बारीक फट राहिली तर इम्प्लांटला धरून ठेवणारं काहीच नसतं. फट बंद करा आणि लोड छोट्या टप्प्यांत चढवा.

ठोकळा असो वा जबडा, पुढचं सारखंच. मॉड्युलस टायटॅनियम ११० गिगापास्कल, कॉर्टिकल १३.७, कॅन्सलस १.३७, पॉइसन गुणोत्तर (ताणल्यावर आडवं किती आकसतं ते) टायटॅनियमला ०.३५, हाडाला ०.३. भूमिती मिमीत आणि बल न्यूटनमध्ये असेल तर मॉड्युलस मेगापास्कलमध्ये भरा: टायटॅनियमला १,१०,०००. नुसता उभा लोड देऊ नका. आयएसओ १४८०१ या इम्प्लांट-चाचणीच्या मानकातला ३० अंशांचा तिरका लोडही द्या, मानेजवळच्या कॉर्टिकल हाडाची परीक्षा तिथे होते. एलिमेंट दहा नोडचे (बिंदूंचे) टेट्राहेड्रल, म्हणजे चार पृष्ठांचे, घ्या, चार नोडचे वाजवीपेक्षा ताठ वागतात. मेश (एलिमेंटची जाळी) बारीक करत जा आणि लागोपाठच्या दोन मेशमधला फरक ५ टक्क्यांखाली आला की थांबा. थ्रेडच्या धारदार कोपऱ्यावर स्ट्रेस प्रत्येक बारीक मेशला वाढतच जातो. तो आकडा हाडाचा नाही, कोपऱ्याचा आहे. कोपऱ्याला छोटी त्रिज्या द्या.

निकाल मांडताना टायटॅनियमसाठी व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचा मिळून एकच स्ट्रेस) योग्य, हाडासाठी मुख्य (प्रिन्सिपल) स्ट्रेस, ताणाचा आणि दाबाचा वेगवेगळा. कॉर्टिकल हाड दाब जितका सोसतं तितका ताण सोसत नाही, आणि व्हॉन मिसेसमध्ये हा भेद पुसला जातो.

पहिलाच प्रबंध असेल आणि हातात सहा महिने असतील, तर आमचा कौल ठोकळ्याला, आणि वाचलेला वेळ दोन्ही इंटरफेस चालवून पाहण्यात घालवा.