वॉटरप्रूफ जॅकेटवरचे तेलाचे डाग आणि टेक वॉश: एक परीक्षण

वॉटरप्रूफ जॅकेट धुण्यासाठी ‘टेक वॉश’ या नावाने ओळखले जाणारे खास द्रव आता ट्रेकिंगचे सामान विकणाऱ्या बहुतेक दुकानांत मिळते. १९७७ साली सुरू झालेली निकवॅक्स ही ब्रिटिश कंपनी या प्रकारात सर्वांच्या परिचयाची आहे, परंतु इतरही अनेक कंपन्या असेच द्रव तयार करतात. येथे एका विशिष्ट बाटलीचे गुणगान करण्यापेक्षा या संपूर्ण प्रकाराचा एकाच अंगाने विचार करावा असे वाटते, तो म्हणजे तेलाचा डाग. चिखल, धूळ आणि घाम यांच्याबाबतीत हे द्रव उत्तम काम करते, यात वाद नाही. तेलाच्या बाबतीत मात्र ग्राहकाची अपेक्षा आणि बाटलीतल्या द्रवाची कुवत यांत बरेच अंतर आहे.

हे अंतर का पडते, ते कापडाच्या रचनेवरून समजते. अशा जॅकेटचे बाहेरचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते, त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा अतिशय पातळ पडदा असतो, आणि बाहेरच्या धाग्यांवर पाणी झटकून टाकणारा लेप दिलेला असतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसून थेंब गोल ठेवणारी ओढ, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, म्हणून लेप दिलेल्या कापडावर पाण्याचे गोल थेंब होतात आणि ओघळून जातात. तेलाचा पृष्ठताण साधारण ३० च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे तेल त्याच कापडावर पसरते, आणि कृत्रिम धाग्यांना मुळातच तेलाची ओढ असल्यामुळे ते तेथे चिकटून बसते. डाग दिसायला वाईट दिसतो ही त्यातली लहान तक्रार झाली. खरे नुकसान असे की तेवढ्या जागी लेप निकामी होतो, पाऊस कापडात मुरतो, आतली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि अंगाला ओल जाणवू लागते. पुष्कळ जण त्याला ‘जॅकेट गळते’ असे म्हणतात, पण पडदा बहुतेक वेळा शाबूत असतो.

जुन्या लेपांमध्ये फ्लोरिनयुक्त रसायने असत आणि ती पाण्याबरोबर तेलालाही दूर ठेवत. ही रसायने निसर्गात वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत, म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. त्यांपैकी पीएफओए हे रसायन २०१९ साली, न विघटणाऱ्या घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेले, आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५ पासून, काही अपवाद वगळता, कपड्यांमधल्या अशा रसायनांवर बंदी लागू केली. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. मात्र त्याचा परिणाम असा की फ्लोरिनविरहित लेपाची नवी जॅकेटे पाणी झटकतात, पण तेल झटकत नाहीत, आणि म्हणून सनस्क्रीन, मानेचा तेलकटपणा, सायकलच्या साखळीचे वंगण किंवा स्वयंपाकाचे तेल यांचे डाग पूर्वीपेक्षा लवकर धरतात. नवे जॅकेट घेणाऱ्याला दुकानात ही गोष्ट सांगितली पाहिजे.

आता प्रत्यक्ष द्रवाकडे वळू. टेक वॉशमध्ये फेस बेताचा होतो, वास सौम्य असतो, आणि धुऊन झाल्यावर कापडात पाणी ओढून घेणारे काही मागे राहू नये अशा बेताने ते तयार केलेले असते. नेहमीच्या पावडरमधले सुगंध आणि इतर घटक धाग्यांत राहिले तर लेप काम करेनासा होतो, तर कपडे मऊ करणारे कंडिशनर लेपावर स्वतःचाच थर चढवते. त्यामुळे नियमित धुण्यासाठी टेक वॉश वापरणे हा शहाणपणाचा खर्च आहे. परंतु यांतली बरीच द्रवे साबणाच्या पायावर बनवलेली असतात आणि त्यांचा जोर मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. ताज्या सनस्क्रीनचा पुसट पट्टा किंवा कॉलरची कड त्यांनी स्वच्छ होते. धाग्यांत मुरलेले वंगण मात्र त्यांना एकट्याने निघत नाही. धुण्यानंतर डाग थोडा फिकट होतो, पण त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो गोल न राहता पसरतो आणि कापड तेथे गडद होते. डोळ्यांपेक्षा या थेंबावर विश्वास ठेवावा. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी जुळून बसतो आणि द्रवाचे प्रमाण वाढवावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

तेलाच्या डागासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे भांडी घासायचा साधा लिक्विड सोप, आणि तोही टेक वॉशच्या आधी. डाग ताजा असेल तर तो न चोळता कागदाने टिपून घ्यावा आणि त्यावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ काही तास पसरून ठेवावे. सुटे तेल त्यात शोषले जाते. नंतर पावडर झटकून सोपचे दोन-तीन थेंब कोरड्या डागावरच टाकावेत, कारण कापड आधी ओले केले तर सोप पातळ होतो आणि तेलापर्यंत पूर्ण ताकदीने पोहोचत नाही. बोटाच्या टोकाने किंवा अगदी मऊ ब्रशने, कडेकडून मध्याकडे येत हलके चोळावे. तेल सुटू लागले की फेसाचा पांढरेपणा जाऊन तो मळकट आणि चिकटसर होतो; तेथे थांबून कोमट पाण्याने धुवावे आणि गरज असल्यास पुन्हा सोप लावावा. सोपचा अंश राहिला तर त्या जागी कापड पाणी पिऊ लागते, म्हणून फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून घेणे या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. यानंतर संपूर्ण जॅकेट, चेन आणि खिसे बंद करून, लेबलवर दिलेल्या तापमानाला टेक वॉशमध्ये धुवावे. उरलासुरला सोप काढून टाकण्याचे काम हे द्रव फार चांगले करते, आणि त्याची खरी जागा हीच आहे असे माझे मत आहे.

पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा थिनर यांनी तेल चटकन निघते हे खरे असले तरी ती या कपड्यांना लावू नयेत. शिवणींवर आतून चिकटवलेली टेप आणि पडदा व कापड यांना जोडणारा गोंद त्यांनी सुटू शकतो, आणि सुटलेला पडदा घरी पुन्हा बसवता येत नाही. ब्लीचही टाळावे.

डाग गेल्याची खात्री होईपर्यंत जॅकेटला उष्णता देऊ नये, कारण उरलेले तेल तापले की धाग्यांत पक्के बसते. खात्री झाल्यावर मात्र, लेबलवर परवानगी असेल तर, ड्रायरमधली मंद उष्णता लेपाला पुन्हा कामाला लावते. तरीही डागाच्या जागी पाणी मुरत असेल तर तेवढ्या भागावर लेप देणारा स्प्रे मारावा. त्यासाठी संपूर्ण जॅकेटवर नवा लेप चढवण्याचा खर्च करण्याची गरज नाही.

साखळीच्या जुन्या वंगणात धातूची बारीक पूड मिसळलेली असते आणि तेल पूर्ण निघाल्यावरही फिकट कापडावर तिची करडी छटा राहते. ती घालवण्याचे वचन कोणत्याही बाटलीने देऊ नये. त्या छटेवर पाण्याचा थेंब गोल राहून ओघळत असेल, तर आणखी घासून लेप झिजवण्यापेक्षा ती तशीच राहू द्यावी.